खडा पडल्यावरही आत काय चालू राहतं? मूत्रपिंडातले स्फटिक आणि दाह

मुतखडा म्हटलं की सोलापुरात ज्याच्या त्याच्याकडे एक औषध तयार असतं. कोणी पानफुटीची पानं चावायला सांगतं, कोणी कुळथाचं कढण, कोणी दबक्या आवाजात बिअर. उपाय वेगवेगळे असले तरी त्यामागची समजूत एकच: खडा आत आहे तोवर त्रास, पडला की विषय संपला. या समजुतीपायी बरीच माणसं मूत्रपिंडाच्या दवाखान्यात फार उशिरा पोचतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खडा हा या आजाराचा डोळ्यांना दिसणारा भाग. त्याहून कितीतरी लहान, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे स्फटिक मूत्रपिंडाच्या आत अडकतात, त्यांच्याविरुद्ध शरीर दाह सुरू करतं, आणि मूत्रपिंडाचं कायमचं नुकसान मोठ्या प्रमाणात या दाहातून होतं. ते होत असताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही.

मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लघवीचा नमुना यंत्रात फिरवायचा, तळाला बसलेला गाळ काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, हे रोजचं काम. बहुतेक मुतखडे ज्या क्षाराचे असतात, त्या कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक लगेच ओळखू येतात: बिनरंगी, लखलखीत, छोटे चौकोन, आणि आत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेल्या दोन रेघांची फुली. त्याच रसायनाचा दुसरा प्रकार लांबट आणि मध्ये चेपलेला दिसतो. युरिक ॲसिडचे पिवळसर तपकिरी, तिरप्या चौकोनाचे. रिपोर्टवर आम्ही 'कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स : +' असं लिहितो आणि लोक तेवढ्यावर घाबरतात. तर आधी हे सांगते, की निरोगी माणसाच्या लघवीतही स्फटिक दिसतात. नमुना दोन-तीन तास तसाच राहिला किंवा फ्रिजमध्ये थंड झाला तर डबीतच नवे तयार होतात. लघवीतून बाहेर पडलेला स्फटिक बाहेर पडला. काळजी करायची ती आत राहिलेल्याची.

आत राहतो म्हणजे कुठे, ते कळायला मूत्रपिंडाची रचना थोडी माहीत हवी. एका मूत्रपिंडात साधारण 10 लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता आणि पुढे एक लांब, वळणावळणाची नलिका. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा नलिकांमधून परत रक्तात घेतात. लघवी म्हणून बाहेर पडतं ते दीड-दोन लिटर. पाणी परत जातं, पण टाकाऊ क्षार बरेचसे नलिकेतच राहतात, त्यामुळे पुढे सरकता सरकता द्रव दाट होत जातो. ऑक्झलेट, युरिक ॲसिड, फॉस्फेट, कॅल्शियम या सगळ्यांना विरघळून राहायला पाणी लागतं. ते कमी पडलं की एका मर्यादेनंतर क्षार विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाहीत आणि त्यांचे कण बनायला लागतात.

आता आपलं गाव डोळ्यांसमोर आणा. पर्जन्यछायेतला जिल्हा, एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी. पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली बारा तास उभा राहणारा कामगार घामावाटे किती पाणी घालवत असेल! घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका दिवसाचा हिशोब पूर्ण व्हावा म्हणून उठायचंच टाळतात. कारखान्यात किंवा बाजारात काम करणाऱ्या कित्येक जणी तर स्वच्छतागृह धड नाही म्हणून जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. उसाच्या फडात तोडीला वाकलेल्या माणसांचंही तेच. शरीराला पाणी वाचवायचं असतं, म्हणून मूत्रपिंड लघवी आणखी दाट करतं, आणि दाट लघवीत कण बनणं सोपं होतं.

तरीही बहुतेकांचं निभावतं, कारण लघवीत स्फटिकांना अटकाव करणारे पदार्थही असतात. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ऑक्झलेटला भेटू देत नाही. मॅग्नेशियमही तसंच उपयोगी पडतं. युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन, जे निरोगी लघवीत सर्वांत जास्त प्रमाणात सापडतं, ते कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. शिवाय द्रव नलिकेतून काही मिनिटांतच पुढे जातो, इतक्या कमी वेळात कणाला अडकण्याएवढं वाढणं जमत नाही. म्हणून स्फटिक आत राहायचा असेल तर तो कुठेतरी चिकटावा लागतो. नलिकेच्या निरोगी अस्तराला तो सहसा चिकटत नाही. अस्तराच्या पेशी आधीच दुखावलेल्या असतील, पाण्याअभावी, एखाद्या औषधाने किंवा आधीच्या दाहाने, तर त्यांच्या पृष्ठभागावर अशी प्रथिनं येतात ज्यांना स्फटिक धरतात. पहिली जखम आणि पहिला अडकलेला कण, इथून गोष्ट सुरू होते.

कॅल्शियम ऑक्झलेट पेशींना काय करतं याचा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांनी घेतलेला आहे. अळूची भाजी नीट शिजली नाही, चिंच कमी पडली, की घसा खाजतो. अळूच्या पानात याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिशय बारीक, टोकदार सुया असतात आणि त्या घशाच्या अस्तरात रुततात. मूत्रपिंडातले स्फटिक तेच रसायन. फरक इतकाच की घशातली खाज आपल्याला लगेच कळते.

दाह कसा पेटतो

इथे एक घोटाळा टाळायला हवा. सोनोग्राफीनंतर 'किडनीला सूज आहे' असं सांगितलं जातं तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असा असतो की खड्याने वाट अडली आणि मागे साठलेल्या लघवीने मूत्रपिंड फुगलं. मी बोलते आहे तो दाह पेशींच्या पातळीवरचा आहे आणि सोनोग्राफीत तो दिसत नाही. त्याला जंतूही लागत नाहीत, त्यामुळे लघवीत 'इन्फेक्शन नाही' असा रिपोर्ट आला तरी तो चालू असू शकतो.

दाह ही मुळात शरीराच्या कामाची गोष्ट. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी जमतात, त्यांना गिळतात, आतल्या पाचक रसांनी जिरवतात, आणि काम झालं की परत जातात. स्फटिकाच्या बाबतीत गिळण्यापर्यंत सगळं असंच होतं. नलिकेतल्या आणि आजूबाजूच्या पेशी कण आत ओढून घेतात, त्याला पाचक रसाच्या पिशवीत टाकतात. पण हा कण कठीण खनिजाचा, सहजासहजी जिरत नाही. उलट पिशवीच फुटते आणि तिच्यातला रस पेशीत सांडतो. पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं, ऊर्जा बनवणारे घटक बिघडून घातक ऑक्सिजन रेणू सोडतात. पेशीच्या दृष्टीने ही आणीबाणी.

ही आणीबाणी ओळखणारं एक यंत्र काही पेशींमध्ये असतं. अनेक प्रथिनं एकत्र जुळून ते बनतं. त्याचं नाव इन्फ्लमासोम, आणि स्फटिकांच्या बाबतीत महत्त्वाच्या प्रकाराचं नाव एनएलआरपी-३. ते जुळलं की कॅस्पेज-१ नावाचं विकर जागं होतं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. हे विकर इंटरल्युकिन-१ बीटा या निरोप्या रेणूचा अर्धवट तयार तुकडा कापून त्याला कामाला लावतं. तो पेशीबाहेर पडला की रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज त्या जागी धावते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या युर्ग चॉप यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं की गाऊट या सांध्यांच्या आजारात सांध्यात जमणारे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक नेमकं हेच यंत्र चालू करतात. पायाचा अंगठा रातोरात लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तो या यंत्रणेचा परिणाम. मग प्रश्न आला: मूत्रपिंडातही हेच होतं का?

2013 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून उत्तर दिलं, होय. त्यातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. उंदरांना ऑक्झलेट भरपूर आणि कॅल्शियम नसलेला आहार दिला. साध्या उंदरांच्या नलिकांत स्फटिक साचले, आजूबाजूला दाह उसळला, मूत्रपिंडं हळूहळू निकामी झाली आणि उंदीर मेले. दुसऱ्या गटातल्या उंदरांमध्ये एनएलआरपी-३ चं जनुकच काढून टाकलेलं होतं. त्यांच्या लघवीतही ऑक्झलेट तेवढंच वाढलं, पण मूत्रपिंडं निकामी झाली नाहीत. म्हणजे ऑक्झलेट तेवढंच असलं तरी नुकसान ठरलं ते शरीराच्या प्रतिक्रियेने. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: ऑक्झलेट तितकंच ठेवून आहारात कॅल्शियम दिलं, तर हा आजार झालाच नाही. या दुसऱ्या निष्कर्षाकडे मी खाण्याच्या मुद्द्यावर परत येणार आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण माणसाच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासतानाही हे चित्र ओळखीचं वाटतं. ध्रुवित प्रकाश लावला की ऑक्झलेटचे स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर झगझगीत चमकून उठतात, आणि साध्या प्रकाशात त्याच जागेभोवती दाहाच्या पेशींचा घोळका, चपट्या पडलेल्या नलिका, मधल्या जागेत वाढलेले तंतू दिसतात.

विझत का नाही

मला विचाराल तर या सगळ्या आजाराचा गाभा इथे आहे. जंतू मेला की दाह शमतो. स्फटिक मरत नाही. त्यातून एक चक्र सुरू होतं आणि ते स्वतःच्या बळावर फिरत राहतं.

स्फटिकामुळे पेशी मरते, आणि ती शांतपणे आक्रसून मरत नाही, फुटून मरते. फुटलेल्या पेशीतला ऐवज बाहेर सांडतो. आजूबाजूच्या पेशींना तो धोक्याची खूण वाटतो, त्यामुळे दाह वाढतो. दाहाच्या पेशी जे रसायन सोडतात, उदाहरणार्थ टीएनएफ, त्याने शेजारच्या आणखी पेशी फुटून मरतात. शिवाय त्याच रसायनांमुळे नलिकेचं अस्तर स्फटिकांना अधिक धरायला लागतं. अधिक स्फटिक अडकतात, अधिक पेशी मरतात. वर ज्या युरोमोड्युलिनचं कौतुक केलं, ते नलिकेच्या आत आहे तोवर रक्षण करतं, पण नलिका फाटून ते बाहेरच्या मधल्या जागेत झिरपलं की तिथल्या पांढऱ्या पेशी त्यालाच परका समजतात आणि दाहात भर पडते.

हे आठवड्यांमागून आठवडे, महिन्यांमागून महिने चाललं की शरीर दुरुस्तीला लागतं, आणि दुसरं नुकसान या दुरुस्तीतूनच होतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे निरोप सोडतात, त्यावरून तंतू बनवणाऱ्या पेशी कोलॅजनचे धागे घालत सुटतात. सोलापुरी टॉवेल फाटला आणि त्या जागी रफू केलं, तर भोक बुजतं, कापड अखंड दिसतं, पण त्या जागेवर पाणी टिपलं जात नाही, कारण टिपणारे दोऱ्यांचे फास तिथे उरलेलेच नसतात. मूत्रपिंडात तेच होतं. जागा भरली जाते, पण नेफ्रॉन परत येत नाही. प्रौढ माणसात नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. तंतूंच्या दाटीत बारीक रक्तवाहिन्याही दबून नाहीशा होतात, मग आजूबाजूच्या धडधाकट नलिकांनाही ऑक्सिजन कमी पडायला लागतो.

उरलेले नेफ्रॉन गेलेल्यांचं काम अंगावर घेतात. एकेका नेफ्रॉनमधून आता जास्त ऑक्झलेट, जास्त युरिक ॲसिड जाऊ लागतं. मूत्रपिंड कमजोर झाल्यावर रक्तात आम्लता वाढते आणि लघवीतलं सायट्रेट घटतं, म्हणजे अटकाव करणारा पदार्थही कमी होतो. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराच्या 3,000 हून अधिक रुग्णांचा मागोवा घेतलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लघवीतून जास्त ऑक्झलेट जाणाऱ्यांचा आजार पुढे सरकण्याची शक्यता जास्त आढळली. अशा अभ्यासातून 'ऑक्झलेटमुळेच' असं ठामपणे म्हणता येत नाही, पण चक्राशी ते जुळतं.

आणि या सगळ्यात दुखत का नाही? कळ येते ती खडा मूत्रवाहिनीत अडकून ती ताणली गेल्यामुळे, किंवा मूत्रपिंडाचं बाहेरचं आवरण ताणल्यामुळे. आतल्या नलिकांच्या मधला दाह तशी कळ देत नाही. एकदा एक यंत्रमाग कामगार काउंटरवर आले होते. डॉक्टरांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी, लिहून दिली होती, पण त्यांना फक्त लघवीची तपासणी करायची होती. "पडला की ओ ताई खडा, मी सवता बघितला. आता काय बी दुखत नाय, मग रक्त कशाला द्यायचं?" मी म्हटलं, "मामा, दुखणं खड्याचं होतं. किडनीचं काम कसं चाललंय ते दुखण्यावरून कळत नाही, रक्तावरूनच कळतं." त्यांनी थोडा विचार केला आणि बाही वर केली. त्यांचा रिपोर्ट काय आला ते इथे महत्त्वाचं नाही. असा प्रश्न मनात येऊन परत जाणारी माणसं खूप आहेत, म्हणून सांगितलं.

मग दाह कमी करणारी गोळी घ्यावी का?

इथपर्यंत वाचून हा विचार सहज येईल, आणि म्हणून यावर थांबून लिहिते. दुकानात 'सूज उतरायची गोळी' मागितली की मिळते ती डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांपैकी काहीतरी. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनू देत नाहीत. वर ज्या एनएलआरपी-३ आणि इंटरल्युकिनची गोष्ट सांगितली, ती वाट त्या बंद करत नाहीत. उलट मूत्रपिंडात रक्त नेणारी बारीक धमनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, खास करून अंगातलं पाणी कमी झालेलं असतं तेव्हा. उन्हात घामाघूम झालेल्या माणसाने कंबर दुखते म्हणून ही गोळी घेतली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नेमका नको तेव्हा आवळला जातो. त्यात रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. खड्याची कळ आल्यावर डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतात ते तपासून आणि थोड्या काळापुरतं. माणूस स्वतःहून रोज गोळी घेत राहतो, ती वेगळी आणि धोक्याची गोष्ट. वर्षानुवर्षं पाठदुखीवर गोळी खाऊन मागावर उभी राहणारी माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांची काळजी वाटते.

नेमक्या जागी दाह थांबवणारी औषधं शोधण्याचं काम मात्र चालू आहे. एनएलआरपी-३ ला अडवणाऱ्या एका रसायनाने उंदरांच्या मूत्रपिंडातला स्फटिकजन्य तंतुमयपणा कमी झाला. माणसांमध्ये कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-१ बीटाला निष्प्रभ करणारं औषध हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या 10,000 हून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं, त्याचे निकाल 2017 मध्ये आले. त्यात रुग्णांना गाऊटचे झटके निम्म्याहून कमी आले, आणि रक्तातलं युरिक ॲसिड मात्र होतं तेवढंच राहिलं. स्फटिकाचा कच्चा माल तसाच, पण प्रतिक्रिया अडली तर त्रास घटतो, याचा माणसांतला हा चांगला पुरावा. पण मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावल्याचं त्यात स्पष्ट दिसलं नाही, आणि जीवघेणा जंतुसंसर्ग औषध घेणाऱ्यांत थोडा जास्त आढळला. म्हणजे आज तरी मूत्रपिंडातल्या या दाहावर रोज घ्यायची अशी गोळी नाही.

युरिक ॲसिडबद्दलही थोडं सांगायला हवं. रक्ततपासणीत ते जरासं वाढलेलं दिसलं की लोक स्वतःच ॲलोप्युरिनॉल सुरू करतात. गाऊट असेल, युरिक ॲसिडचे खडे होत असतील, तर हे औषध उपयोगी आहे यात शंका नाही. पण फक्त आकडा वाढला म्हणून ते घेतल्याने मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो का, हे 2020 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी तपासलं आणि दोन्हींत उत्तर नकारार्थी आलं. रक्तातला आकडा आणि नलिकेत साचलेला स्फटिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरिक ॲसिड लघवीत साचतं की नाही हे बरंचसं लघवीच्या आम्लतेवर आणि तिच्या दाटपणावर ठरतं.

बाकीचे स्फटिक थोडक्यात. कॅल्शियम फॉस्फेट, सिस्टीन, आणि एसायक्लोव्हिर, सल्फाडायझिन, मेथोट्रेक्सेट यांसारख्या काही औषधांचेही स्फटिक नलिकांत बनू शकतात. म्हणूनच ही औषधं शिरेतून किंवा मोठ्या मात्रेत देताना रुग्णाला भरपूर पाणी देतात. लहान मुलाला खडे होत असतील, किंवा भावंडांना कमी वयात होत असतील, तर ते अनुवंशिक असू शकतं. काही मुलांच्या यकृतात जन्मतःच ऑक्झलेट अमाप तयार होतं. अशा मुलांची तपासणी लवकर व्हायलाच हवी, कारण त्यांच्यासाठी यकृतातच ऑक्झलेट कमी करणारं लुमासिरान हे औषध 2020 पासून मान्यताप्राप्त आहे.

ताटातलं आणि तांब्यातलं

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत पक्का पुरावा त्याचाच आहे. इटलीत पहिला खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिऊन दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी राखणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर पूर्वीसारखंच पिणाऱ्यांपैकी 27 टक्क्यांना. हा अभ्यास 1996 चा आणि आजही त्यावरच सल्ला दिला जातो. मोजायचं ते किती प्यालो हे नव्हे, किती लघवी झाली हे. मे महिन्यात मागावर उभ्या माणसाला तीन लिटर पाणीही कमी पडेल. लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे, दुपारीसुद्धा आणि रात्री झोपताना सुद्धा. घाम गाळून आल्यावर गोड कोल्ड्रिंक पिणं मात्र टाळावं: त्यातल्या फ्रुक्टोजमुळे शरीरात युरिक ॲसिड वाढतं. मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांमध्ये तरुणपणीच मूत्रपिंडं निकामी होण्याची साथ आहे. तिची कारणं अजून पूर्ण उलगडलेली नाहीत, पण उष्णता, पाण्याचा तुटवडा आणि दाट लघवीतलं युरिक ॲसिड यांचा त्यात वाटा असावा असं काही संशोधक मांडतात. आपल्या फडांकडे पाहताना हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं, आणि मुकादमांनी सावली, विश्रांती आणि पाणी या गोष्टी कामाचाच भाग धराव्यात.

बोअरच्या जड पाण्याने खडा होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण कठीण पाणी आणि खडा यांचं सरळ नातं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. आणि इथेच उंदरांच्या प्रयोगातला तो कॅल्शियमचा निष्कर्ष आठवा. 'खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-ताक बंद' हा सल्ला उलटा पडतो. आतड्यात कॅल्शियम असलं की ते ऑक्झलेटला तिथेच बांधतं आणि शौचावाटे घालवतं. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात येतं. म्हणून ताक किंवा दही जेवणाबरोबरच घ्यावं. शेंगदाण्यातही ऑक्झलेट असतं, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर चमचाभर शेंगाचटणी आणि शेजारी वाटीभर दही, यात भिण्यासारखं काही नाही. चटणीतल्या मिठाकडे मात्र बघावं. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं.

भिण्यासारखं आहे ते आरोग्यासाठी म्हणून रोज अनशापोटी प्यालेलं पेलाभर पालकाचं कच्चं सरबत. पालक भाजी म्हणून आठवड्यातून एकदा खाणं वेगळं आणि जुडीच्या जुड्या वाटून रोज पिणं वेगळं. अशा रसांमुळे मूत्रपिंडात ऑक्झलेट साचून ती एकाएकी बंद पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कोकणात बिंबल म्हणतात त्या फळाचा रस प्यायल्याने असं झालेल्या रुग्णांबद्दल केरळच्या डॉक्टरांनी लिहिलेलं आहे. कमरखाचंही तेच. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज एक ग्रॅम किंवा जास्त घेतल्या तर शरीरात त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट बनतं, तेव्हा त्याही विनाकारण घेऊ नयेत. लिंबू पाण्यात पिळून घ्यावं, त्याने लघवीतलं सायट्रेट वाढायला मदत होते. साखर न घालता घेतलं तर उत्तम.

पानफुटी आणि कुळीथ खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझी विनंती इतकीच, की घरगुती उपाय करताना तपासणी टाळू नये, आणि घटक न लिहिलेल्या पुड्या तर मुळीच घेऊ नयेत. कित्येकदा त्यांत वेदनाशामक गोळ्यांची भुकटी किंवा जड धातू मिसळलेले निघाले आहेत.

तपासणी म्हणजे फार मोठं काही नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडं मिनिटाला किती गाळतात याचा अंदाज), आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. क्रिएटिनिनच्या एकट्या आकड्यावर विसंबू नका. उरलेले नेफ्रॉन भार उचलत असल्याने निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत तो 'नॉर्मल' कप्प्यात राहू शकतो, विशेषतः किरकोळ अंगाच्या माणसात. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर मागून घ्या. तो 60 च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला, किंवा अल्ब्युमिन तेवढा काळ वाढलेलं राहिलं, तर त्याला मूत्रपिंडाचा जुना विकार म्हणतात. एका तपासणीवरून तसा शिक्का मारत नाहीत. खडा पडून गेल्यावर काही आठवड्यांनी एकदा आणि नंतर वर्षातून एकदा तपासावं. मधुमेह, रक्तदाब, गाऊट किंवा वारंवार खडे असतील तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लवकर. पडलेला खडा टाकून न देता डबीत घालून आणा, तो कशाचा आहे हे कळलं तर पुढचा सल्ला नेमका देता येतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही या साध्या तपासण्या होतात, त्यामुळे पैशांअभावी कोणी थांबू नये.

आणि ज्यांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे, त्यांनी वरचा पाण्याचा आणि फळांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. त्यांना पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावं लागतं. कमजोर मूत्रपिंड पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि नारळपाण्यात, तसंच आपल्याकडच्या डाळिंबाच्या रसातही, ते भरपूर असतं. घरात अशी व्यक्ती असेल तर पाहुणे प्रेमाने डाळिंबं घेऊन येतील. ती तिच्या हातात देण्याआधी शेवटच्या रिपोर्टमधलं पोटॅशियम बघा आणि डॉक्टरांना एक फोन करा.